मधुमेहाचें औषध आणि वजनाचा कांटा

अंगानें भरलेला मनुष्य म्हणजे खात्यापित्या घरचा, अशी समजूत वऱ्हाड-नागपूरकडे पुष्कळ पिढ्या चालत आली. सोयरिकीच्या बोलण्यांत मुलाचें अंग भरलेलें दिसलें म्हणजे वधूपक्षास घरच्या सुबत्तेची खूण पटत असे. काळ पालटला. आतां लग्नाचा मुहूर्त ठरला म्हणजे शालू व दागिने यांच्या जोडीस वधूवरांच्या वजनाचाही विचार घरांत होऊं लागला आहे. त्या विचारांत वाईट कांहींच नाहीं. कारण स्थूलपणा हा मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग व सांधेदुखी यांचा सोबती आहे, हें वैद्यकानें सिद्ध केलें आहे. परंतु या विचाराच्या पाठोपाठ एक वार्ता मोठ्या शहरांतून निघून वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव अशा गांवांकडे येत आहे. ती अशी कीं, मधुमेहाचें एक औषध आहे. तें घेतलें म्हणजे भूक मरते व वजन उतरतें. आणि तें घेण्यास मधुमेह असलाच पाहिजे असें नाहीं.

ही वार्ता सर्वस्वीं खोटी असती तर तिचें निराकरण सोपें झालें असतें. ती अर्धी खरी आहे, म्हणूनच तिच्यांतील खरें किती आणि घातक किती, हें सावकाशपणें पाहणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट ही कीं, मधुमेहाचें औषध म्हणून कोणतेंही एकच औषध नाहीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें आणि जानेवारी १९२२ मध्यें तें प्रथम एका मधुमेही मुलास टोंचण्यांत आलें. त्या दिवसापासून मधुमेही मनुष्यास जगण्याची आशा मिळाली. परंतु इन्शुलिननें वजन वाढतें, कमी होत नाहीं. रक्तांतील साखर उतरविणाऱ्या ज्या जुन्या गोळ्या आहेत, त्यांतील ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड इत्यादिकांचीही तीच गत आहे. या वर्गाचा शोध कसा लागला, तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९४२ सालीं फ्रान्समधील मोंपेलिए येथें प्रोफेसर जांबों हे विषमज्वराच्या रोग्यांवर सल्फा जातीच्या एका नव्या औषधाचा प्रयोग करीत होते. रोग्यांस मधुमेह नव्हता. औषध घेतल्यावर कित्येकांची साखर एकाएकीं उतरली, झटके आले, आणि कांहीं रोगी दगावले. त्यांच्या त्या दुर्दैवांतूनच पुढें मधुमेहाच्या गोळ्या जन्मास आल्या.

यांतील बोध खेड्यापाड्यांतील घरांस विशेष लागू आहे. घरांत आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या फळीवर असतात. 'मधुमेहाच्या औषधानें बारीक होतां येतें' एवढेंच वाक्य कानीं पडलेली नात त्यांतील गोळी उपाशी पोटीं घेईल, तर तिचें वजन उतरणार नाहीं. साखर मात्र उतरेल. घाम, कंप, भ्रम, बेशुद्धि, आणि वेळीं उपाय न झाल्यास मृत्यु, असा त्याचा क्रम आहे. एका रोगाचीं दोन औषधें एकमेकांच्या उलट कामें करूं शकतात, हें नांवावरून कळत नाहीं.

मेटफॉर्मिन ही गोळी निराळी. १९५७ सालीं फ्रान्समध्यें डॉक्टर जां स्टर्न यांनीं ती मधुमेहावर उपयोगांत आणली. तिनें साखर एकदम कोसळत नाहीं व वजनही थोडें उतरतें, पण थोडेंच. किती, तें पुढें येईल.

ज्या औषधाची वार्ता सर्वत्र पसरली आहे तें याहून निराळें आहे. मनुष्य जेवला म्हणजे त्याच्या आंतड्यांतून एक रस रक्तांत उतरतो. तो स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्याची सूचना देतो, जठर सावकाश रितें करवितो आणि मेंदूस 'पोट भरलें' असें कळवितो. शरीरांतील हा रस दोन-तीन मिनिटांत नाहींसा होतो, म्हणून त्याचें औषध करणें कठीण होतें. १९९२ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर जॉन एंग यांस गिला मॉन्स्टर नांवाच्या वाळवंटी विषारी सरड्याच्या विषांत त्या रसासारखेंच, पण पुष्कळ वेळ टिकणारें द्रव्य सांपडलें. त्यावरून केलेलें औषध २००५ सालीं अमेरिकेंत मधुमेहासाठीं मान्य झालें. पुढें याच वर्गांतील, आठवड्यांतून एकदां टोंचावयाचें सेमाग्लुटाइड हें औषध डिसेंबर २०१७ मध्यें 'ओझेंपिक' या नांवानें मधुमेहासाठीं, आणि जून २०२१ मध्यें अधिक मात्रेंत 'वेगोव्ही' या नांवानें स्थूलपणासाठीं तेथें मान्य झालें. भारतांत त्याची 'रायबेलसस' ही गोळी जानेवारी २०२२ मध्यें केवळ मधुमेहासाठीं आली. मार्च २०२५ मध्यें टिर्झेपॅटाइड हें इंजेक्शन 'मौंजारो' या नांवानें मधुमेह व स्थूलपणा या दोहोंसाठीं आलें. जूनमध्यें वेगोव्ही आणि डिसेंबरांत ओझेंपिक आलें.

या औषधाचा गुण नाकारणें अन्यायाचें होईल. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत १९६१ माणसें घेतलीं होतीं. त्यांतील कोणासही मधुमेह नव्हता. पण सर्व स्थूल होतीं, अथवा वजनवाढीबरोबर दुसरी एखादी व्याधि असलेलीं होतीं. ६८ आठवडे सेमाग्लुटाइड टोंचल्यानंतर त्यांचें वजन सरासरीनें १४.९ टक्के घटलें; ज्यांस नुसतें निर्गुण पाणी टोंचलें होतें त्यांचें २.४ टक्के घटलें. २०२३ सालच्या दुसऱ्या परीक्षेंत, मधुमेह नसलेल्या परंतु वजन अधिक व हृद्रोग जडलेला, अशा १७,६०४ रोग्यांपैकीं औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृद्रोगानें मृत्यु यांचें एकंदर प्रमाण पांचव्या हिश्श्यानें कमी दिसलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही डिसेंबर २०२५ मध्यें स्थूल प्रौढ मनुष्यांस, आहार व व्यायाम यांच्या जोडीनें, हीं औषधें देण्यास सशर्त संमति दिली. तेव्हां मधुमेह नसतां हें औषध घेतलें म्हणजे अपराधच झाला, असें म्हणतां येत नाहीं. ज्यास स्थूलपणाचा रोग आहे त्यास डॉक्टरानें तपासून तें दिलें, तर तें रोगासच दिलेलें औषध होय.

प्रश्न आहे तो रोग नसलेल्यांचा. रोग आहे कीं नाहीं, याचें एक सोपें गणित आहे. वजनाच्या किलोग्रॅमांस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागावें. १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचें वजन ६४ किलो असेल तर उत्तर २५ येतें. भारतीयांपुरतें २३ पासून वजन अधिक व २५ पासून स्थूलपणा धरावा, असें येथील तज्ज्ञांनीं २००९ सालीं ठरविलें. वर सांगितलेल्या पहिल्या परीक्षेंत मात्र हा आंकडा ३० च्या वर, अथवा दुसरी व्याधि असल्यास २७ च्या वर असलेलींच माणसें घेतलीं होतीं. ज्या मुलीचा आंकडा २४ आहे आणि जिला लग्नापूर्वीं तो २१ वर आणावयाचा आहे, तिच्यासारखें एकही माणूस त्या परीक्षेंत नव्हतें. दुसऱ्याच्या शरीरावर सिद्ध झालेला लाभ ती आपला म्हणून गृहीत धरते. अपाय मात्र तिच्याच वांट्यास येतो.

आणि भारतीय शरीराची घडणही ध्यानांत घेतली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांनीं व लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. वर सांगितलेल्या गणितानें दोघांचाही आंकडा २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. परंतु युडकिन यांच्या अंगांत मेदाचें प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के! कांट्यावर दोघे सारखे, आणि कातडीखालीं दोघे निराळे. भारतीय मनुष्य दिसावयास बारीक असला तरी त्याच्या अंगांत मेद अधिक व स्नायु कमी असतात, असा याचा अर्थ.

आतां या शरीरावर भूक मारणारें औषध चालविलें म्हणजे काय होतें? कांटा खालीं येतो. पण काय गेलें हें कांटा सांगत नाहीं. वरील परीक्षेंतील कांहीं माणसांचें शरीर यंत्रानें मोजलें, तेव्हां त्यांचा मेद १९ टक्क्यांहून थोडा अधिक घटला होता, आणि मेद वगळून उरणारें जें शरीर, ज्यांत मुख्यत्वें स्नायु येतात, तेंही जवळजवळ १० टक्के घटलें होतें. ज्याच्या अंगावर मेदाचा मोठा भार आहे त्यास हा सौदा परवडतो. ज्याच्यापाशीं मुळांतच स्नायूंची शिल्लक थोडी, त्यास तो महाग पडतो. शेतांत दिवसभर वांकून कापूस वेंचणें, पाण्याची घागर उचलणें, लेंकरूं कडेवर घेणें, उतारवयांत पाय घसरला असतां तोल सांवरणें, हीं सर्व कामें स्नायूंचीं आहेत. वजन उतरल्याचा आनंद करतांना अंगांतील बळ किती खर्चीं पडलें, याचा हिशेब कोणी मागत नाहीं.

दुसरा हिशेब काळाचा. औषध बंद केल्यावर काय होतें, हेंही त्या परीक्षेच्या पुढील भागांत पाहण्यांत आलें. ज्यांचें वजन १७.३ टक्के घटलें होतें त्यांनीं औषध सोडलें, तेव्हां एका वर्षाच्या आंत घटलेल्या वजनापैकीं दोन-तृतीयांश परत आलें. भूक औषधानें दबलेली असते, नाहींशी झालेली नसते. म्हणजे लग्नापुरतें म्हणून जें घेतलें तें लग्नानंतर एक तर कायम घेत राहावें, किंवा गेलेलें वजन परत येतांना पाहावें. गेलेले स्नायु मात्र व्यायामावांचून परत येतील असा भरंवसा नाहीं.

तिसरा हिशेब पैशाचा. मौंजारो मार्च २०२५ मध्यें आलें त्या वेळीं ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्यास एक कुपी धरल्यास ५२ आठवड्यांचे २,२७,५०० रुपये होतात. वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलास ८,११० रुपये ठरली होती. या दरानें एका मनुष्याच्या वर्षाच्या कुप्यांस २८ क्विंटल कापूस विकावा लागेल. सेमाग्लुटाइडच्या भारतांतील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळें त्यापुढें स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा होणार, हें ठरलेलें होतें. खऱ्या रोग्यास ती स्वस्ताई वरदान आहे. परंतु किंमत उतरली म्हणजे मोहाचें कुंपणही उतरतें, हें विसरून चालणार नाहीं.

चौथा हिशेब अपायांचा. मळमळ, वांति, अतिसार व बद्धकोष्ठ हे नेहमींचे त्रास. क्वचित् पित्ताशयांत खडे होतात अथवा स्वादुपिंडास सूज येते, आणि ही सूज प्राणावरही बेतूं शकते. ज्यांच्या कुळांत गलग्रंथीच्या एका विशिष्ट जातीचा कर्करोग झालेला आहे त्यांस हें औषध वर्ज्य आहे. नवविवाहितेनें आणखी एक गोष्ट अवश्य जाणावी: गर्भ राहण्यापूर्वीं किमान दोन महिने सेमाग्लुटाइड बंद केलेलें असलें पाहिजे, आणि टिर्झेपॅटाइडनें तोंडानें घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा गुण कमी होऊं शकतो. लग्नासाठीं बारीक होऊं पाहणारीस ही सूचना कोण देणार? डॉक्टर देईल. मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषध आणणारीस ती मिळत नाहीं.

मधुमेहाचें औषध बारीक होण्यासाठीं वापरण्याचा प्रसंग जगांत पूर्वींही येऊन गेला आहे. फ्रान्समध्यें १९७६ सालीं सेर्व्हिए कंपनीचें 'मेदियातोर' नांवाचें औषध विक्रीस आलें. तें वजन अधिक असलेल्या मधुमेही रोग्यांसाठीं म्हणून आलें. पण त्यानें भूक मंदावते हें दिसतांच मधुमेह नसलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांस तें केवळ बारीक होण्यासाठीं दिलें जाऊं लागलें. एकंदर सुमारें ५० लक्ष लोकांनीं तें घेतलें. तें हृदयाच्या झडपा निकामी करणारें होतें. ब्रेस्त शहराच्या रुग्णालयांतील फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टर इरेन फ्राशों यांनीं आपल्या रोग्यांचीं जुनीं टिपणें पडताळून हा संबंध उघडकीस आणला आणि नोव्हेंबर २००९ मध्यें औषध बंद झालें. म्हणजे ३३ वर्षांनीं! त्यानें मृत्यु पावलेल्यांची संख्या ५०० पासून २००० पर्यंत असावी, असे अंदाज आहेत. मार्च २०२१ मध्यें पॅरिसच्या न्यायालयानें कंपनीस फसवणूक व मनुष्यवध यांबद्दल दोषी ठरविलें.

आजचीं औषधें मेदियातोर नव्हेत; त्यांची परीक्षा कितीतरी कसून झाली आहे, व हृद्रोग्यांस त्यांचा लाभ होतो हें वर आलेंच आहे. परंतु त्या प्रकरणाचा धडा टिकणारा आहे. औषध आपल्या रोगाची मर्यादा ओलांडून बाहेर पडलें म्हणजे तें कोणी घेतलें, किती घेतलें व पुढें काय झालें, याची नोंद राहत नाहीं. आणि नोंद नसली म्हणजे अपाय दृष्टीस येण्यास पिढी उलटते.

त्यांत बनावट मालाची भर आहे. ओझेंपिकच्या खोट्या कुप्या ब्राझील, ब्रिटन व अमेरिका या देशांत सांपडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२४ मध्यें दिला. मागणी फार व माल अपुरा, अशा वेळीं तोतयांचें फावतें. शिवाय अशा टंचाईंत खऱ्या मधुमेह्याचें औषध हौशी गिऱ्हाइकाच्या हातीं जातें, हें निराळेंच. हीं औषधें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकणें भारतांत बेकायदेशीर आहे. औषधांच्या जाहिरातींसंबंधीं १९५४ सालीं जो कायदा झाला त्याच्या यादींत मधुमेह व स्थूलपणा हे दोन्ही विकार नांवानिशीं घातलेले आहेत. लोकांस या बाबतींत भुलविणें सोपें आहे, हें त्या काळच्या विधिकारांसही ठाऊक होतें.

मग ज्यास रोग नाहीं पण वजन थोडें अधिक आहे त्यानें करावें काय? याचें उत्तर शोधण्यास वर्धेकरांस दूर जावयास नको. महात्मा गांधी एप्रिल १९३६ मध्यें वर्ध्याशेजारच्या शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, येऊन राहिले. आहाराचे प्रयोग त्यांनीं जन्मभर केले आणि १९४२ सालीं आगाखान महालाच्या बंदिवासांत 'आरोग्याची गुरुकिल्ली' लिहिली. अन्नाचें माप जिभेनें न ठरवितां शरीराच्या गरजेनें ठरवावें, हा त्यांतील विचार. पण त्यांचा औषधास सरसकट विरोध होता असें मानणें चुकीचें होईल. आंत्रपुच्छाचा विकार झाला तेव्हां जानेवारी १९२४ मध्यें पुण्याच्या ससून रुग्णालयांत त्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती. रोग असेल तेथें वैद्य, नसेल तेथें संयम, ही त्यांची वांटणी होती. त्याच सेवाग्रामांत डॉक्टर सुशीला नायर यांच्या प्रयत्नानें १९६९ सालीं खेड्यांतील रोग्यांसाठीं वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. वजनाची चिंता ज्यास असेल त्यास तपासून घेण्यास तेथील कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचें रुग्णालय आहे, वर्ध्याचें जिल्हा रुग्णालय आहे.

संयमाचा गुण केवळ उपदेशाचा विषय राहिलेला नाहीं. त्याचेंही मोजमाप झालें आहे. २००२ सालीं अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ माणसांची परीक्षा प्रसिद्ध झाली. एका गटास मेटफॉर्मिन दिलें. त्यांचें वजन सरासरीनें २.१ किलो उतरलें व मधुमेह होण्याचें प्रमाण ३१ टक्के घटलें. दुसऱ्या गटास औषध न देतां मिताहार व आठवड्यास १५० मिनिटें चालणें एवढेंच शिकविलें. त्यांचें वजन ५.६ किलो उतरलें व मधुमेहाचें प्रमाण ५८ टक्के घटलें! चेन्नई येथें डॉक्टर रामचंद्रन यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंतही आहार-व्यायामानें २८.५ टक्के व गोळीनें २६.४ टक्के असा लाभ दिसला. म्हणजे आपल्या देशांतही चालणें गोळीस हार गेलें नाहीं.

आठवड्यास १५० मिनिटें म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, हरभरा, अंबाडीची भाजी, ताक, आणि ज्यांस चालतात त्यांस अंडीं, हें या जिल्ह्याचें ओळखीचें अन्न आहे. यांत डाळ, दूध व अंडीं हीं स्नायूंस पोसतात. गोरसपाक सणावारीं एखादा खावा, रोज चहाबरोबर खाऊं नये. असें केल्यानें वजन सावकाश उतरेल, पण अंगांतील बळ राखून उतरेल.

आणि डॉक्टरानें तपासून औषधच सुचविलें, तर त्यासही भिऊं नये. तेव्हां त्यास तीन प्रश्न विचारावे: रोग कोणता, औषध किती दिवस, आणि तें थांबविल्यावर पुढें काय. या तिहींचीं समाधानकारक उत्तरें मिळालीं तर औषध निःशंकपणें घ्यावें. पहिल्याच प्रश्नाचें उत्तर 'रोग कोणताच नाहीं' असें आलें, तर पुढले दोन विचारण्याचें कारण उरत नाहीं; ती कुपी ज्या मधुमेह्यास किंवा स्थूल रोग्यास हवी आहे, त्याच्यासाठीं दुकानांतच राहूं द्यावी.